अनुभव धागा : तुमच्या डोळ्यांपुढे वर्ष कसं दिसतं?

मला वर्ष आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर तलावासारखं दिसतं. जानेवारी होम मैदानाच्या बाजूला, कारण तेव्हा तिथे गड्ड्याची जत्रा भरलेली असते. तिथून काठाकाठानं महिने. एप्रिल-मे ही लांबलचक, सावली नसलेली वाट, आणि श्रावण आला की पाऊल हलकं होतं. लहानपणी वाटायचं, सगळ्यांनाच असं दिसतं. मग कळलं, फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज शास्त्रज्ञानं 1880 मध्येच लोकांना मनातल्या आकड्यांची चित्रं विचारून नोंदवून ठेवली होती. आपल्या गावच्या लोकांची चित्रं ऐकायची फार इच्छा आहे. काळ, आकडे, नशीब, काहीही चालेल. लिहा.

*

घरी तेलुगू, शाळा मराठी. घरचा 29 म्हणजे 'इरवै तोम्मिदि', आधी वीस, मग नऊ. तो विसाच्या जिन्यावर नवव्या पायरीवर बसलेला दिसतो. शाळेतला एकोणतीस मात्र तिसाच्या उंबऱ्याबाहेर, एक पाऊल कमी पडलं म्हणून थांबलेला. आकडा एकच, जागा दोन. बेरीज अजून तेलुगूत करते, पाढे मराठीत.

*

मला काहीच दिसत नाही. 'डोळ्यांसमोर आणा' ही नुसती बोलायची पद्धत आहे असं मी चाळिशीपर्यंत समजत होतो. याला अफँटेशिया म्हणतात. नाव 2015 मध्ये मेंदूतज्ज्ञ ॲडम झेमन यांनी दिलं. वडील गेले, त्यांचा चेहरा डोळे मिटून येत नाही. पण ते कसे जिना चढायचे, ते गुडघ्यांना आठवतं. 'काळ' म्हटलं की तसंच काहीतरी अंगात होतं, चित्र नाही.

*

वडील चादरीच्या कारखान्यात जेकार्डवर, म्हणजे भोकांच्या कार्डांवरून नक्षी विणणाऱ्या मागावर होते. कॉलेजात बायनरी, म्हणजे नुसत्या एक आणि शून्यात आकडे लिहिणं, शिकवलं तेव्हा वर्गात डोक्यावरून गेलं. घरी वडिलांना विचारलं, तर ते म्हणाले, 'कार्डाला भोक असेल तर धागा वर, नसेल तर खाली. मोर अशानंच उमटतो.' तेव्हापासून मला एक म्हणजे भोक आणि शून्य म्हणजे कोरा पुठ्ठा. आज प्रोग्रॅम लिहितानाही कार्डांची माळ सरकताना दिसते.

*

नशीब मला बोळासारखं दिसतं, पुढे उजेड, वळण दिसत नाही. बाकी काही सांगता येत नाही.

*

आई विड्या वळायची. हजार म्हणजे तिच्या मांडीवरचं सूप : 25 ची जुडी, अशा 40 जुड्या, की दिवस संपला. मजुरी हजारावरच. शाळेत बाईंनी लाख लिहिला तेव्हा मला आईचे शंभर दिवस दिसले, म्हणजे दिवाळी ते संक्रांतीच्या पुढेपर्यंत. कोटी मात्र कधी दिसला नाही, नुसता शब्द होता. हा धागा वाचून काल रात्री हिशेब मांडला. वर्षाचे 300 दिवस, 33 वर्षं. 99 लाख झाले. आईला सांगितलं. ती म्हणाली, 'मग शंभर दिवसच राहिले की.'