सुट्टीत मुलगा पुस्तकाला हात लावत नाही, नाशिककरांनो मदत हवी आहे

गोदाकाठची_आई
परीक्षा संपली, मी हौसेनं बारा पुस्तकं आणून टीपॉयवर मांडली. आज नववा दिवस, एकही उघडलेलं नाही. कूलरसमोर लोळणं नाहीतर मोबाईल. "दहा पानं वाच, मग मोबाईल" करून झालं, तर पानं नुसती उलटतो. सोमवारपासून माझं ऑफिस, घरी सासूबाई एकट्या. लवकर सुचवा. आणि "आधी तुम्ही वाचा" हे कृपया नको. मी वाचते.

पेठरोडकर
वय?

सायकलवाला_काका
पोहायला घाला. आमचे दोघे दोन महिने तलावावर होते, भूक सणकून लागायची, रात्री नऊला गार.

पेठरोडकर
काका, त्या वाचनाबद्दल विचारताहेत.

जुनी_वाचक
सार्वजनिक वाचनालयात न्या. 1840 पासूनची संस्था आहे, आपल्या नाशिकची शान! मुलांचा वेगळा विभाग आहे. मी परकर-पोलक्यात जायचे. पुस्तक स्वतः निवडू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

सिडकोची_मीनल
सल्ला बरोबर, पण मे महिन्यात भर दुपारी सिडकोहून मेनरोडला पोराला घेऊन जाऊन दाखवा. गाडी कुठे लावायची तेही सांगा. त्यापेक्षा कुसुमाग्रज प्रतिष्ठानची 'ग्रंथ तुमच्या दारी' योजना बघा, 2009 पासून चालू आहे. पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे येते, वाचून झाली की दुसऱ्या गटाशी अदलाबदल. बिल्डिंगमधली चार घरं जमवा.

जुनी_वाचक
आम्ही चालत जायचो.

गोदाकाठची_आई
वय नऊ, चौथीत जाईल. पेटीचं छान आहे, पण घरात बारा पुस्तकं पडलीच आहेत हो. पुस्तकं कमी नाहीत!

बिटको_पॉइंट
किशोर मासिक. 1971 पासूनचे अंक बालभारतीनं ऑनलाइन फुकट ठेवलेत. गोष्टी छोट्या, चित्रं भरपूर.

सिडकोची_मीनल
म्हणजे परत मोबाईलच हातात?

बिटको_पॉइंट
प्रिंट काढा. सगळं आम्हीच सांगायचं का.

पेठरोडकर
ताई, शाळेचं माध्यम कुठलं? आणि बारा पुस्तकं कुठल्या भाषेतली?

गोदाकाठची_आई
शाळा इंग्रजी. पुस्तकं अर्थातच मराठी, मी लहानपणी वाचलेलीच शोधून आणली. घरी मराठीच बोलतो.

जुनी_वाचक
इंग्रजी शाळेत घालायचं आणि मग मराठी वाचत नाही म्हणून रडायचं!

सायकलवाला_काका
माझे दोघे मराठी माध्यमातले. तेही वाचत नाहीत.

पेठरोडकर
माध्यमाचा वाद दुसऱ्या धाग्यावर न्या. ताई, मोबाईल बाजूला ठेवा आणि एक पान मोठ्यानं वाचून घ्या. कान देऊन ऐका, चुका काढू नका. माझी मुलगी अशीच 'नुसती उलटायची'. जोडाक्षर आलं की गाडी बंद. बोलताना 'प्रश्न' फाडफाड, कागदावर दिसला की घाम. चार ओळींत तीनदा अडलं की गोष्टीतली गंमत उरतच नाही. आम्ही एक ओळ मी, एक ती, असं वाचायचो. अवघड शब्द मीच सांगून पुढे, तिथे शिकवणी नाही. पंधरा मिनिटांत पुस्तक बंद, भले ती "अजून" म्हणो. पहिल्या आठवड्यात काही दिसलं नाही. तिसऱ्यात ती माझी ओळही पळवायला लागली.

बिटको_पॉइंट
+१. आणि मोठ्या टायपातली पुस्तकं घ्या. तुमच्या लहानपणच्या पुस्तकांचा टाइप बारीक असणार, पैज लावतो.

सायकलवाला_काका
डोळेही तपासून घ्या. चष्मा असेल.

गोदाकाठची_आई
टाइप बारीकच आहे. पुस्तक बघूनच तो पळाला, म्हणून चिवड्याचं पाकीट वाचायला दिलं. 'शेंगदाणे' धडाधड. 'खाद्यतेल'वर अडला, माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, "मला नाही खायचा चिवडा." मी नऊ दिवस त्याला आळशी म्हणतेय. सासूबाईंना बारीक अक्षर दिसत नाही, त्यांना रोजचं राशिभविष्य वाचून दाखवायचं काम लावते आता.

जुनी_वाचक
राशिभविष्यात जोडाक्षरं फार असतात हो. 'वृश्चिक'लाच बसेल तो.

सिडकोची_मीनल
चिवडा कुठला होता?