हिस्टॉरिक आणि हिस्टॉरिकल, फरक कोणी नीट सांगेल का?

यावलची_आई:
मुलगी नववीला आहे, इंग्रजीत फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनावर निबंध लिहिला तिने, फैजपूर आमच्या जवळच म्हणून विषय मीच सुचवला होता. तिने लिहिलं 'हिस्टॉरिकल सेशन'. बाईंनी लाल पेनाने गोल करून 'हिस्टॉरिक' केलं अन् मार्क कापला, का ते काही सांगितलं नाही. डिक्शनरीत दोघांचा अर्थ ऐतिहासिकच. पोरगी दोन दिवसांपासून विचारतेय, मला बी सांगता येत नाहीये.

धुळेकर:
ताई, घोळ आपल्या मराठीमुळे होतो, आपल्याकडे दोन्हीला एकच शब्द. हिस्टॉरिकल म्हणजे मागच्या काळातलं, इतिहासाशी संबंध असलेलं, मग ते मोठं असो की किरकोळ. हिस्टॉरिक म्हणजे इतिहासात ज्याचं नाव राहील असं. आता डिसेंबर १९३६ चं फैजपूर बघा, काँग्रेसचं खेड्यात भरलेलं पहिलं अधिवेशन, नेहरू अध्यक्ष, मंडपाची सजावट नंदलाल बोसांची, तर ते हिस्टॉरिकच. पण त्या अधिवेशनाच्या किराणाच्या पावत्या उद्या कोणाच्या माळ्यावर सापडल्या तर ते हिस्टॉरिकल कागद. आमच्या धुळ्यात राजवाडे संशोधन मंडळात जुनी कागदपत्रं आहेत ना, ती पण हिस्टॉरिकल.

सराफबाजार_जळगाव:
भो, सोन्यावरून सांगतो, लगेच कळेल. गेल्या वीस वर्षांचे रोजचे भाव काढले तर तो हिस्टॉरिकल डेटा, त्यातला एखादा मंगळवारचा भाव कोणाला आठवतो का? पण सोनं पहिल्यांदा तोळ्याला लाखाच्या वर गेलं तो भाव हिस्टॉरिक. म्हणजे आजची गोष्ट बी हिस्टॉरिक होऊ शकते, जुनी असायची गरज नाही. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान उतरलं तेव्हा त्याच संध्याकाळी सगळे हिस्टॉरिक म्हणत होते, हिस्टॉरिकल नाही.

तापीकाठ:
बरोबर आहे सगळं, पण मार्क कापायला नको होता असं माझं मत. पूर्वी इंग्रजीत हे दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी सर्रास वापरायचे, वाटणी नंतर झाली, आणि 'हिस्टॉरिकल सेशन' व्याकरणात चूक नाहीये, फक्त अधिवेशनाचं मोठेपण त्यातून येत नाही. पोरीला हे नक्की सांगा. इकॉनॉमिक आणि इकॉनॉमिकलचं बी असंच, पण तिथे मराठीत आर्थिक वेगळं अन् काटकसरीचं वेगळं, म्हणून समजावायला सोपं जातं.

यावलची_आई:
खूप आभार सगळ्यांचे, सोन्याचं तिला पटकन समजलं. तिने लगेच स्वतःच एक बनवलं, नंदुरबारला ९ सप्टेंबर १९४२ ला शिरीषकुमार तिरंगा घेऊन निघाला अन् गोळ्या झेलल्या, तो मोर्चा हिस्टॉरिक, आणि त्यावर शाळेत नाटक बसवलं तर ते हिस्टॉरिकल नाटक. बरोबर आहे ना?

धुळेकर:
एकदम बरोबर. हेच वहीत लिहून बाईंना दाखवायला सांगा तिला.