मदत हवी आहे : जुन्नरजवळ कॅम्पर कुठे लावावी?

नमस्कार मंडळी. आमची मुलं घरीच शिकतात, त्यामुळे सध्या शाळा चार चाकांवर आहे! कालचा दिवस नाणेघाटात अगदी निवांत गेला. सातवाहनकालीन लेण्यातल्या ब्राह्मी शिलालेखात आकडेही आहेत. दोन आडव्या रेघा म्हणजे दोन, हे कळल्यावर धाकटीने अख्खी वही रेघांनी भरली. थोरला जकातीच्या दगडी रांजणात किती नाणी मावतील याचा हिशेब करत बसला (उत्तर अजून आलेलं नाही).

उद्या शिवनेरी, परवा लेण्याद्री. रात्री गाडी लावायला सुरक्षित, पाणी भरता येईल अशी जागा सुचवाल का? शेतातही चालेल, भाडं देऊ. आणि मुलांना तासभर ब्राह्मी शिकवेल असं जुन्नरात कुणी आहे का?