बीजाणू लाखो, पण पिशवी नाही

काका, "कोआलाला वर्षाला जेमतेम एक पिल्लू, वृक्षनेच्याला लाखो बीजाणू, मग नेचा वाचवणं सोपं" हे तुमचं म्हणणं मला पटत नाही. (वृक्षनेचा म्हणजे झाडासारखं खोड असलेला नेचा, फर्न; बीजाणू म्हणजे तो बियांऐवजी ज्यांतून उगवतो ते धुळीसारखे कण.) कोआलाचं पिल्लू जेमतेम 2 सेंटिमीटरचं जन्मतं, पण पुढे सहा महिने आईच्या पोटावरच्या पिशवीत सुरक्षित असतं. नेच्याचा बीजाणू रुजला की नखाएवढा नाजूक हिरवा पापुद्रा उघड्यावरच. त्यावर शुक्रपेशीला अंड्यापर्यंत पोहायला पाण्याचा थर हवाच. पचमढीच्या ओढ्याकाठी तो मिळतो, इंदूरच्या एप्रिलात कुठून मिळणार?

घरी नेचा उगवायचा तर बीजाणू रोपवाटिकेतल्या झाडाचेच घ्या, जंगलातले नकोत. कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) उकळत्या पाण्याने भिजवा, गार झाल्यावर बीजाणू अगदी विरळ पेरून वर काच ठेवा, सावलीत. फवाराही उकळून गार केलेल्या पाण्याचाच, नाहीतर शेवाळ आणि बुरशी पापुद्रे गिळून टाकतात.