मदत हवी आहे: अपंगत्व पेन्शन नाकारली, अपील उशिरा चालेल का?

मंडळी, सैनिक टाकळीकडच्या एका माजी हवालदारांचे कागद बघतोय. १७ वर्षं नोकरी, २०२१ ला निवृत्ती. रिलीज मेडिकल बोर्डाने (निवृत्तीवेळी तपासणी करणारं लष्करी वैद्यकीय मंडळ) उच्च रक्तदाब ३० टक्के, आयुष्यभरासाठी धरलाय. पण 'सेवेमुळे नाही, सेवेत वाढलाही नाही' असा शेरा. कारण एका ओळीत: आजार शांतता क्षेत्रात (सीमेवर वा मोहिमेवर नसतानाच्या नेमणुकीत) सुरू झाला. किमान २० टक्के अपंगत्वाची अट पुरी होऊनही पेन्शन अडलीय ती या ओळीपायी.

सर्वोच्च न्यायालयाचा धरमवीर सिंग निकाल (२०१३) माहीत आहे: भरतीवेळी आजाराची नोंद नसेल आणि बोर्डाने ठोस कारण दिलं नसेल, तर आजार सेवेमुळेच मानायचा. त्याच न्यायालयाच्या राम अवतार निकालाने (२०१४) टक्केवारी वरच्या टप्प्याला धरून पेन्शनसाठी ३० चे ५० टक्केही होतील.

अडचण मुदतीची आहे. नकारपत्रावर पहिल्या अपिलाला सहा महिने दिलेत, ते कधीच उलटले. पत्र घडी घालून सर्व्हिस बुकात पडून होतं, कोणी वाचलंच नाही! आता विलंबमाफीच्या अर्जासह पहिलं अपील करायचं, की थेट सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे? अपील न करता गेलं तर आधी तिकडे जा म्हणून परत पाठवतात का? थकबाकी साधारण तीनच वर्षांची मिळते, म्हणून प्रत्येक महिना जातोय तो तोट्यात.

दुसरं, बोर्डाच्या अहवालाची पूर्ण प्रत (एएफएमएसएफ-१६ हा फॉर्म) आणि भरतीची वैद्यकीय नोंद माहिती अधिकारात मागवताना नेमके शब्द काय लिहिता? 'वैद्यकीय कागदपत्रे' एवढंच लिहिलं की फक्त सारांशाचं पान येतं.

कोल्हापुरातून अलीकडे कोणी केलं असेल तर मसुदा दाखवा.