बी विंग ग्रुप: सासूबाईंचा रिपोर्ट आणि ते ट्रायलचं पोस्टर

नीता बी-३०२: काल रात्री कोणीतरी नव्या औषधाच्या ट्रायलचं (पेशंटवरच्या चाचणीचं) पोस्टर टाकलं आणि सकाळी डिलीट पण केलं. कोणी ते मला माहितीये, नाव घेत नाही. आमच्याकडचं सगळ्यांना ठाऊकच आहे, सासूबाईंना परत युरिन इन्फेक्शन, कल्चरमध्ये क्लेबसिएला जंतू, रिपोर्टवर अँटिबायोटिकांपुढे ओळीने आर आर आर, म्हणजे रेझिस्टंट, औषध लागू पडत नाही. त्या नंबरवर फोन केला तर तो म्हणे आधी रजिस्ट्रेशनचे ५००० जीपे करा मग नाव घालतो. खात्री न करता असलं टाकू नका प्लीज 🙏

मंगेश बी-१०१: नाव घ्या की वहिनी, मीच टाकलं. मदत म्हणून टाकलं होतं. यापुढे गुड मॉर्निंग पण नाही टाकणार.

सपकाळ काका: ट्रायलवाले पेशंटकडून पैसे घेत नाहीत. पैसे मागितले की समजायचं फसवणूक.

पाटील बी-२०४: माझ्या दुसऱ्या पार्किंगच्या अर्जावर पण सेक्रेटरींनी आरच मारलाय 😂

सेक्रेटरी: तो विषय एजीएमला. इथे नको.

डॉ. अनघा बी-४०४: नीता, ताप, थंडी, कंबरेत दुखणं आहे का? आईंना कॅथेटर (लघवीची नळी) आहे ना, मग कल्चरमध्ये जंतू निघणारच, काही त्रास नसेल तर बहुतेक वेळा औषध द्यायचंही नसतं. मेरोपेनेमसारख्या जोरदार अँटिबायोटिकला पण आर आहे?

नीता बी-३०२: कालपासून १०१ ताप, थंडी वाजतेय. मेरोपेनेम आर. कोलिस्टिन या अँटिबायोटिकपुढे फक्त आय (इंटरमीडिएट) आहे, म्हणजे निम्मं लागू पडेल ना?

डॉ. अनघा: नाही गं. कोलिस्टिनपुढे हल्ली एस (लागू पडतं) छापतच नाहीत, आय नाहीतर आर. आणि ते किडनीला जड जातं.

शैला काकू: माझ्याकडे मागच्या वेळच्या अँटिबायोटिकच्या पाच गोळ्या उरल्यात, पाठवू का वर?

डॉ. अनघा: काकू नको!! त्यातूनच हे आर तयार होतात.

शैला काकू: बरं. विचारलं फक्त.

देशपांडे बी-५०३: नीता, फार्मात जन्म गेला माझा म्हणून सांगतो. सीटीआरआय म्हणून ट्रायलच्या नोंदणीची सरकारी साइट आहे, आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेची, फुकट. २००९ पासून देशातली नव्या औषधाची ट्रायल तिथे नोंदवावीच लागते. त्यात आजाराचं नाव टाकायचं आणि ओपन टू रिक्रूटमेंट (पेशंट घेणं चालू) आहे का ते बघायचं, खाली हॉस्पिटलांची यादी, तिथल्या डॉक्टरांचा नंबर आणि एथिक्स कमिटीची मंजुरी आली का ते असतं. पोस्टरवर सीटीआरआय नंबर नसेल तर सोडून द्यायचं.

सपकाळ काका: आणि पैसे घेत नाहीत.

लतिका मावशी: ट्रायल म्हणजे माणसांचे उंदीर करणं. तेव्हाच्या आंध्रातलं खम्मम विसरलात का, आदिवासी मुलींना ती गर्भाशयमुखाच्या कॅन्सरविरुद्धची एचपीव्हीची लस, संमतीवर सह्या कोणाच्या तर हॉस्टेलच्या वॉर्डनच्या. २०१० मध्ये सरकारला थांबवावं लागलं.

देशपांडे: मावशी ते झालंच, कोण नाही म्हणतंय. त्यानंतर बोंब झाली, नियम कडक झाले, २०१९ चे नवे आलेत. माहितीपत्रक आपल्या भाषेत मागायचं, त्याची प्रत घरी आणायची, कधीही बाहेर पडता येतं, ट्रायलमुळे काही झालं तर उपचार त्यांच्या खर्चाने आणि भरपाई वेगळी.

लतिका मावशी: कागदावर सगळंच छान असतं, आपल्या लिफ्टच्या एएमसीसारखं.

सेक्रेटरी: मावशी, लिफ्टचा इथे काय संबंध?

पाटील बी-२०४: संबंध आहे, काल वीस मिनिटं अडकलो होतो 😤

डॉ. अनघा: जरा ऐका. नीता, खरी अडचण पैशांची नाहीच. तापाच्या इन्फेक्शनला नाव नोंदवून वाट बघता येत नाही. बऱ्याच ट्रायलमध्ये लागू पडणारं अँटिबायोटिक २४ तासांच्या वर दिलं गेलं असेल तर पेशंट बाद. शिवाय क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) बघतात. आणि सेफेपिम-झिडेबॅक्टम या नव्या अँटिबायोटिकची ती मोठी ट्रायल, युरिन इन्फेक्शनचीच, ५३० पेशंटची, त्यात तुलनेला समोर मेरोपेनेम होतं, कोणाला कुठलं ते चिठ्ठी टाकल्यासारखं ठरतं. आईंना मेरोपेनेम आर, म्हणजे चिठ्ठीत तेच आलं तर? असा पेशंट तिथे घेणार कसा. त्यांच्यासाठी कार्बापेनेम-रेझिस्टंटवाली (मेरोपेनेमच्या गटाला न जुमानणाऱ्या जंतूंची) वेगळी ट्रायल शोधायला हवी, ती मोजक्या हॉस्पिटलांत चालते.

देशपांडे: झिडेबॅक्टम वोक्हार्ट कंपनीचं बरं का, रिसर्च आपल्या संभाजीनगरचं!

नीता बी-३०२: मग आत्ता करू काय मी?

डॉ. अनघा: ट्रायलसाठी थांबू नकोस. आत्ता अ‍ॅडमिट कर, पहिला डोस द्यायच्या आत ब्लड आणि युरिन कल्चर घ्यायला सांग, आणि इन्फेक्शियस डिसीजचे डॉक्टर आले की सरळ विचार, इथे किंवा जवळपास ट्रायल चालू आहे का. त्यांना हे माहीत असतं. जुने सगळे रिपोर्ट घेऊन जा.

सपकाळ काका: ट्रायलवाले पेशंटकडून पैसे घेत नाहीत.

नीता बी-३०२: कळलं काका 🙏 हे ऑफिसात आहेत, कॅब दाखवतेय २५ मिनिटं.

मंगेश बी-१०१: मी सोडतो. खाली उतरा. पण माझ्या गाडीपुढे कोणाची अ‍ॅक्टिव्हा लावलीये?

सेक्रेटरी: @पाटील

मंगेश बी-१०१: @पाटील

पाटील बी-२०४: आलो आलो, पाच मिनिटं, अंघोळीत होतो