‘प्रतिकारक’ टोमॅटो नेमका कशाला प्रतिकारक?

जालन्याचा रोपवाटिकाधारक (मूळ मजकूर): शेतकऱ्यांनी प्रतिकारक वाण निवडले, तर टोमॅटोवरील किडींसाठी फवारणीची गरजच उरणार नाही.

पैठणचा मळेकरी: हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. आपण ज्या वाणांविषयी बोलता, ते रोगांना प्रतिकारक आहेत, किडींना नव्हेत. बंगळूरच्या भारतीय बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा वाण पर्णगुच्छ (पांढरी माशी पसरवत असलेला, पाने आखडून झाड बोकडवणारा विषाणूरोग), जिवाणूजन्य मर आणि लवकर येणारा करपा यांना प्रतिकारक आहे. त्या यादीत एकही कीड नाही. पांढरी माशी त्याच्याही पानांवर बसते, रस शोषते आणि विषाणू सोडते; फक्त झाड सहसा बोकडत नाही. गेल्या वर्षी एका दुकानदाराने ‘याला अळीसुद्धा लागत नाही’ असे सांगून मला बियाणे दिले. पहिल्याच तोड्याची निम्मी फळे पोखरलेली निघाली, ती बांधावर ओतताना घरच्यांकडे पाहवत नव्हते.

जालन्याचा रोपवाटिकाधारक: आपल्या नुकसानीचे दुःख आहे, परंतु किडींना प्रतिकार ही कल्पनाच खोटी आहे असे नाही. सोलॅनम हॅब्रोकायटिस या जंगली टोमॅटोच्या पानांवरील केसांतून पाझरणारी द्रव्ये अनेक किडींना मारक ठरतात, आणि मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींसाठी वापरले जाणारे एमआय जनुक काही प्रमाणात मावा व पांढरी माशी यांनाही रोखते.

परभणीचा निवृत्त कृषी सहायक: त्याच जनुकाचा सूत्रकृमींवरील प्रभाव जमिनीचे तापमान 28 अंशांपुढे गेले की ढासळतो, हेही लिहायला हवे होते. आपल्या उन्हाळ्यात त्याचा भरवसा किती धरावा?

बीडचा कापूस उत्पादक: जनुकांच्या गोष्टी आम्हाला सांगू नका. बीटी कापूस घेतानाही फवारणी संपली असेच ऐकले होते. 2017 मध्ये गुलाबी बोंडअळीने असे पीक नेले की वेचणीला आलेल्या बायका बोंडे फोडून पाहत आणि परत जात.

जालन्याचा रोपवाटिकाधारक: तो दोष वाणाचा नव्हे. अळी बीटीला सरावू नये म्हणून तेव्हा सोबत मिळणारे 120 ग्रॅमचे बिगर-बीटी बियाणे किती जणांनी पेरले?

बीडचा कापूस उत्पादक: माझ्या वडिलांनी दरवर्षी चारही बाजूंनी पेरले आणि तरीही आमचा कापूस गेला. शेतकऱ्याच्या माथी खापर फोडण्यापूर्वी त्याच्या बांधावर या. हे शब्द मला लागले आहेत.

परभणीचा निवृत्त कृषी सहायक: एकट्याने पेरून भागत नाही, कारण पतंग शेजारच्या शिवारातून येतो, त्यामुळे आपल्या वडिलांना दोष देता येणार नाही. मात्र कापसाचा दाखला येथे अप्रस्तुत नाही. 2014 मध्ये महाराष्ट्रात आढळलेली टूटा ही टोमॅटोची पाने व फळे पोखरणारी अळी आणि गुलाबी बोंडअळी एकाच कुळातील आहेत, आणि दोघीही आत शिरून खात असल्याने वरची फवारणी त्यांच्यापर्यंत नीट पोहोचत नाही. म्हणून कामगंध सापळे (मादीच्या वासाने नर पतंगांना ओढून पकडणारे) लागवडीबरोबरच लावावेत आणि फळ पोखरणाऱ्या अळीसाठी टोमॅटोच्या 16 ओळींमागे झेंडूची एक ओळ घ्यावी. झेंडूची रोपे 40 दिवसांची आणि टोमॅटोची 25 दिवसांची असावीत, म्हणजे दोन्हींना फुले एकाच वेळी येतात आणि पतंग टोमॅटोऐवजी झेंडूवर अंडी घालतो.

जालन्याचा रोपवाटिकाधारक: ‘फवारणीची गरजच उरणार नाही’ हे वाक्य मागे घेतो. पर्णगुच्छाला प्रतिकारक रोपे घ्यावीत, या मतावर मात्र मी ठाम आहे.

पैठणचा मळेकरी: त्यावर माझा आक्षेप कधीच नव्हता. मूळ मजकुरातील ‘किडी’ हा शब्दही काढा, कारण तो वाचून उद्या कोणी बियाणे घेईल आणि सापळे लावणार नाही.